एकही अक्षर नसलेलं बायबल: गोष्ट सांगायला नुसती चित्रं पुरतात का?

शाईपाणी | सोमवार, रात्री ९:१२

न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत १२४० च्या दशकात पॅरिसमध्ये रंगवलेलं एक बायबल आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्यासाठी ते केलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पान साधारण ३९ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद. जगाच्या उत्पत्तीपासून दावीद राजापर्यंतची जुन्या करारातली कथा त्यात आहे. ज्यांनी ते रंगवलं त्यांनी त्यात एक अक्षरही लिहिलं नाही. पानामागून पान नुसत्या चौकटी, तीनशेहून जास्त प्रसंग.

पुढे हे पुस्तक फिरत राहिलं. १३०० च्या सुमारास इटलीत कोणीतरी चौकटींच्या बाजूने लॅटिन मजकूर लिहिला. मग ते पोलंडचे कार्डिनल बर्नार्ड मचेयोव्स्की यांच्याकडे आलं. त्यांनी १६०४ मध्ये क्राकूवहून ते इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून धाडलं. पोपच्या वतीने निघालेल्या कार्मेलाइट साधूंनी ते ३ जानेवारी १६०८ ला इस्फहानमध्ये शाहपुढे ठेवलं. शाहने प्रत्येक चित्र काय आहे हे विचारून फारसीत लिहून घेतलं आणि आपली मोहोर उठवली. अठराव्या शतकात ते एका यहुदी मालकाकडे गेलं. त्याने आणखी टिपणं लिहिली, भाषा फारसी पण अक्षरं हिब्रू. आज एकाच पानाच्या समासात तीन लिप्या दिसतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. चित्रकारांनी समास कोरा सोडला तो विचार करून. गोष्ट चित्रातच पुरी झाली होती. नंतर भरलेला मजकूर मला त्या पानांवरचं अतिक्रमण वाटतं, कितीही सुंदर अक्षरात असला तरी. तुम्हाला काय वाटतं? गोष्ट सांगायला चित्रं पुरतात की शब्द लागतातच?

मेधा_क | सोमवार, रात्री ९:४०

पहिल्यांदाच ऐकलं या पुस्तकाबद्दल. वाचतेय.

तिरकमठा | सोमवार, रात्री १०:०५

अरे वा, या पुस्तकावर मराठीत धागा! आम्ही युरोपातल्या जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणारे याला मचेयोव्स्की बायबल म्हणतो. तेराव्या शतकातला शिपाई कसा दिसायचा, हे पाहायला आम्ही आधी इथेच येतो. कड्यांचं चिलखत, त्याखालचा जाड शिवलेला अंगरखा, डोकं पूर्ण झाकणारं डब्यासारखं शिरस्त्राण, सगळं काढलेलं आहे. चिलखताची टोपी मागे सारून खांद्यावर कशी लोंबते, तेही. जेवढी शस्त्रं खोदकामात सापडत नाहीत तेवढी इथे रंगात आहेत.

एक पान जरूर बघा. इस्राएलचा पहिला राजा शौल शत्रूच्या, म्हणजे अम्मोनी लोकांच्या सैन्याचा फडशा पाडतो ते. वरच्या अर्ध्यात घनघोर लढाई. घोड्यांवर घोडे, शिरस्त्राणावर तलवारीचा घाव, आणि कडेला दगड फेकणारं लाकडी यंत्र. गर्दी एवढी की चित्र चौकटीत मावतच नाही, माणसं सोनेरी कड ओलांडून समासात आली आहेत. खालच्या अर्ध्यात एकदम शांत, शौलाचा अभिषेक आणि देवाला अर्पण केलेले बळी. पान एक, पण वर-खाली पाहताना श्वासाची गतीच बदलते.

तुझ्या प्रश्नावर: लढाईला शब्द लागत नाहीत. पण 'हा शौल आहे' हे कोणी सांगितल्याशिवाय तो मला फ्रेंच सरदारच वाटला असता.

गवंडी | मंगळवार, सकाळी ७:२०

मी बांधकामातला माणूस, चित्रातलं मला फार कळत नाही. पण बाबेलच्या बुरुजाचं पान मी मोठं करून पाहिलं. ते कोणा जुन्या बॅबिलोनचं बांधकाम नाही, सरळसरळ गॉथिक चर्चची साइट आहे. दगड वर न्यायला मोठं लाकडी चाक आहे. माणूस आत उभा राहून पायांनी चालवायचा तसलं. त्या काळी युरोपात असली चाकाची यारी पुन्हा वापरात येऊन फार वर्षं झाली नव्हती, म्हणजे चित्रकाराने त्याच्या शहरातलं ताजं यंत्र काढलंय. पॅरिसमध्ये तेव्हा सेंट-शापेल उभं राहत होतं, १२४८ ला त्याचं अर्पण झालं. रोज येता-जाता साइट दिसत असणार.

पापडीकर | मंगळवार, सकाळी १०:३१

मी वसईची, कॅथलिक. हे प्रसंग मिस्सामधल्या वाचनांत लहानपणापासून ऐकलेले. तिरकमठा, मला शौल ओळखायला नाव लागलं नाही. इतरांपेक्षा उंच तरुण, शमुवेल त्याच्या डोक्यावर तेल ओततोय, मग तो शौलच. धिप्पाड गल्याथापुढे गोफण घेतलेला पोरगा दिसला की तो दावीद, झालं.

म्हणून शाईपाणी, तुमचा प्रश्नच मला थोडा वेगळा दिसतो. चित्रं पुरतात, पण ज्याने गोष्ट आधी ऐकली आहे त्याला. लुईच्या दरबारात ती सगळ्यांना पाठ होती. मजकुराची गरज शाह अब्बासला पडली.

शाईपाणी | मंगळवार, सकाळी ११:०२

@पापडीकर, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण शाहलाही सगळं परकं नव्हतं. दावीद, शलमोन, मोशे, योसेफ हे इस्लाममध्ये पैगंबर आहेत. त्याला दाऊद माहीत होता. फक्त हा दाऊद फ्रेंच कपड्यांत होता.

बांधावरून | मंगळवार, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. रूथची पानं कोणी पाहिली का? बवाजाच्या शेतातली कापणी. वाकून विळ्याने पिकं कापणारी माणसं, पेंढ्या, मळणी. आणि मागून राहिलेली कणसं वेचणारी रूथ. सुगीत सरवा वेचायला येणाऱ्या बाया आमच्याकडे मी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. वाकण्याची ढब अगदी तीच, एक हात जमिनीशी आणि दुसऱ्या हाताने ओटा धरलेला. ज्याने हे काढलं तो शेताच्या कडेला उभा राहिलेला माणूस आहे. लढाया मोठ्या असतील, पण मला ही पानं थोर वाटली.

हडसनकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी न्यू जर्सीत राहते. २०१४ च्या हिवाळ्यात मॉर्गनमध्ये या बायबलचं प्रदर्शन होतं. पुस्तकाची शिवण तेव्हा उसवलेली असल्यामुळे सुटी पानं मांडली होती, नाहीतर एका वेळी दोनच पानं दिसली असती. पडद्यावर पाहणं आणि ते पान समोर पाहणं यात फार फरक आहे. मंद दिवे असतात. तुम्ही थोडं बाजूला सरकलात की पाठीमागचं सोनं पेटतं, आणखी सरकलात की विझतं. चित्रातले घोडे त्या उजेडात हलल्यासारखे वाटतात. छापील पुस्तकात सोनं म्हणजे नुसता पिवळट तपकिरी रंग होऊन बसतो.

शिवाय चामड्याचं पान सपाट नसतं, किंचित लाटा असतात. फारसी ओळी त्या लाटांवरून जाताना पाहिल्या तेव्हा मला तरी त्या अतिक्रमण वाटल्या नाहीत. फार हलक्या हाताने लिहिल्या आहेत. लिहिणाऱ्याने चित्राला कुठेही धक्का लावलेला नाही.

सोनेरी_काठ | मंगळवार, रात्री ८:१५

हडसनकाठताईंनी सोन्याचं लिहिलं म्हणून आता राहवत नाही. मी सुलेखन करते, जुन्या पद्धतीने सोनं चढवायला शिकले आहे. ते कसं होतं ते सांगते.

आधी पान. वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीवर दोऱ्यांनी ताणायचं आणि ओलं असतानाच चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने खरवडायचं. सुकताना दोऱ्या घट्ट करत राहायच्या. केसांकडची बाजू पिवळसर राहते, जवळून पाहिलं तर बारीक छिद्रं दिसतात. मांसाकडची बाजू पांढरी आणि मऊ. जुने लोक पुस्तक बांधताना समोरासमोर एकाच जातीच्या बाजू येतील अशी घडी घालायचे, म्हणजे उघडलेलं पान एकरंगी दिसतं.

मग रेखाटन. त्यानंतर रंग नाही, आधी सोनं. जिथे सोनं हवं तिथे खडू किंवा प्लॅस्टर, सरस, थोडी साखर अशा मिश्रणाचा थर देतात, तो वाळून उंचवटा होतो. साखर हवेतला ओलावा धरते. सोनं लावायच्या क्षणी त्या थरावर नळीतून तोंडाची वाफ सोडायची. थर जरासा चिकट होतो, तेवढ्यात वर्ख टेकवायचा. दम लागतो, आणि वेळ साधावी लागते: वाफ जास्त झाली तर थर पाणावतो, कमी झाली तर वर्ख उडून जातो. मग अकीकाच्या दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटायचं. घोटून झालं की ते धातूचा पत्रा ठोकल्यासारखं दिसतं. सोन्याचा कण रंगाला चिकटतो, म्हणून रंग शेवटी.

हा क्रम कागदावर वाचण्यापेक्षा विंचेस्टर कॅथेड्रलमधल्या बायबलात पाहावा. बाराव्या शतकातलं प्रचंड पुस्तक, पान जवळजवळ ५८ सेंमी उंच. ते अपुरं राहिलं. काही अक्षरांत नुसती रेघ आहे, काहींत सोनं चढलंय पण चेहरे कोरे, काही पूर्ण. कारखाना चालू असताना कोणीतरी दार उघडून आपल्याला आत घ्यावं, तसं ते पुस्तक आहे.

मेधा_क | मंगळवार, रात्री ८:४०

सोनेरी_काठ, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आणि निळा? तो इतका गडद कसा?

सोनेरी_काठ | मंगळवार, रात्री ९:२६

उंची निळा म्हणजे लाजवर्द. अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतला दगड. तिथून व्यापाऱ्यांच्या हातांनी युरोपात. नुसता कुटला तर राखाडी भुकटी होते. मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळून, राखेच्या पाण्यात दाबून दाबून निळे कण वेगळे काढावे लागतात. स्वस्तातला निळा अझुराइट नावाच्या दगडाचा, आणि आणखी साधा वनस्पतीचा. आयर्लंडचं केल्सचं पुस्तक, साधारण इ. स. ८०० चं, त्यात लाजवर्द आहे असं बरीच वर्षं लिहिलं जायचं. तपासणीत निळा वनस्पतीचा निघाला. त्यात सोनंही नाही, जे सोन्यासारखं दिसतं तो हरताळ नावाचा पिवळा खनिज रंग.

आणि एक गोष्ट जी मला कायम सांगावीशी वाटते. २०१९ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. जर्मनीत डालहाइम इथल्या जुन्या मठात पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात लाजवर्दचे बारीक कण सापडले. ती साधारण इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान वारलेली. ब्रशचं टोक ओठांनी ओढून टोकदार करायची सवय असणार, हे सर्वांत पटणारं कारण. एवढा महाग रंग एका बाईच्या हाती दिला होता, म्हणजे ती कसबी होती. स्पेनमधल्या जिरोनाच्या ९७५ सालच्या हस्तलिखितात तर एंदे नावाच्या स्त्रीने चित्रकार म्हणून नाव लिहून ठेवलंय. 'भिक्षूंनी रंगवलेली पुस्तकं' असं जेव्हा कोणी सरसकट म्हणतं तेव्हा मला या दोघींची आठवण करून द्यावीशी वाटते.

पापडीकर | मंगळवार, रात्री ९:५५

दातातला निळा रंग! हे मी उद्या आमच्या पॅरिशच्या महिला मंडळात सांगणार.

खट्याळ_खार | मंगळवार, रात्री १०:३०

कोणी गोगलगायींबद्दल का बोलत नाहीये? तेराव्या शतकाच्या शेवटापासून युरोपातल्या हस्तलिखितांच्या समासात चिलखत घातलेले सरदार गोगलगायीशी लढताना सापडतात. आणि बहुतेक वेळा सरदार गुडघे टेकून शरण! प्रार्थनेच्या पुस्तकात! वर स्तोत्र, खाली ससा शिकाऱ्याच्या मागे लागलाय.

तिरकमठा | मंगळवार, रात्री १०:४८

माझ्या अभ्यासाप्रमाणे गोगलगायीचं चिलखत जास्त चांगलं. एकसंध, जोड नाही, आत शिरायला फट नाही. :)

गवंडी | बुधवार, सकाळी ७:०५

आणि गल्याथाने कपाळ झाकणारं शिरस्त्राण घातलं असतं तर जुना करार तिथेच थांबला असता. :)

प्रशासक | बुधवार, सकाळी ९:००

गोगलगाय आणि ससे यांच्यासाठी खट्याळ_खार यांनी वेगळा धागा काढावा, सगळे येतील. इथे मूळ विषय चालू द्या.

अनुस्वार | बुधवार, दुपारी १२:२०

थोडा वेगळा सूर लावतो. चित्रं म्हणजे निरक्षरांचं पुस्तक, हे वाक्य या विषयावर हमखास येतं. पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपला कळवलं होतं की वाचता न येणाऱ्याला चित्र वाचता येतं, म्हणून चर्चमधली चित्रं फोडू नका. भिंतींबद्दल ते ठीक. पण आपण ज्या पुस्तकाबद्दल बोलतोय ते कोणा शेतकऱ्याने कधी पाहिलंच नाही. राजाच्या मांडीवरचं पुस्तक ते. ज्याला उत्तम वाचता येत होतं त्याच्यासाठी मुद्दाम बिनअक्षरी केलेलं.

आणि कशासाठी? लुई १२४८ मध्ये धर्मयुद्धावर निघाला. पुस्तकात पान दर पान देवाच्या माणसांनी शत्रूला कापून काढलंय, आणि देवाची माणसं फ्रेंच चिलखतात आहेत. यहोशवा म्हणजे मी, दावीद म्हणजे मी, पुढची लढाई माझी, हे राजाला न सांगता कळावं अशी मांडणी. शब्द नाहीत म्हणून ते निरागस होत नाही. उलट शब्द असते तर 'हे त्या काळी, त्या देशात घडलं' असं कुठेतरी लिहावं लागलं असतं. चित्राने ते अंतरच पुसलं.

शाईपाणी | बुधवार, दुपारी १:१०

@अनुस्वार, लढायांबद्दल तुम्ही म्हणता ते दिसतं. पण पुस्तकातला मोठा हिस्सा दावीदाचा आहे आणि त्यात त्याची पापंही आहेत. गच्चीवरून बथशेबाला पाहणं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला लढाईत पुढे धाडणं, पुढे घरातच पेटलेलं भांडण. राजाची नुसती स्तुती करायची असती तर ही पानं गाळली असती.

अनुस्वार | बुधवार, दुपारी २:०२

गाळली नाहीत, पण पुढे काही पानं निघाली. मॉर्गनमध्ये ४३ पानं आहेत, दोन पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, एक लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात. गेटीच्या पानावर अबशालोमचे प्रसंग आहेत, बापाविरुद्ध उठलेला मुलगा. काही अभ्यासकांचा तर्क असा की ती पानं शाह अब्बासच्या काळात काढली गेली, कारण शाहलाही मुलांकडून बंडाची भीती होती. एका मुलाला त्याने मारवलं, दोघांचे डोळे काढवले, हा इतिहास आहे. पानांबद्दलचा भाग तर्कच आहे. तरी राजाला चित्रात आपलं घर दिसणं ही गोष्ट पॅरिसइतकीच इस्फहानमध्ये खरी ठरते.

नौगावकर | बुधवार, रात्री ११:३५

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. जन्म अलिबागजवळचा, आता अश्दोदला असतो. इथे मराठी वाचायला मिळतं म्हणून येतो, लिहितो कमी. आज लिहितो.

तुम्ही सगळे 'हिब्रू अक्षरांतली टिपणं' एका ओळीत सांगून पुढे गेलात. मला तिथे थांबायचं आहे.

ज्या राजासाठी हे पुस्तक झालं, त्याच्याच पॅरिसमध्ये १२४० साली ताल्मूदवर, आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर, खटला चालला. रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, उभं करून ग्रंथाची उलटतपासणी झाली. १२४२ मध्ये गाड्या भरभरून हिब्रू हस्तलिखितं आणून चौकात जाळली. दशक तेच, शहर तेच. एका गल्लीत आमच्या पूर्वजांच्या कथा सोन्यात रंगवल्या जात होत्या आणि दुसऱ्या चौकात त्या कथांवरचं आमचं हजार वर्षांचं लिखाण जळत होतं. आपण ज्या निळ्याचं आणि सोन्याचं कौतुक करतोय ते मीही करतो, पण हे माहीत असून करतो.

आता पुढचं. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतलं, शाही खजिना विखुरला. त्यानंतर हे पुस्तक कोणा यहुद्याच्या घरी आलं. तो बोलायचा फारसी, कारण त्याचे लोक अडीच हजार वर्षं इराणात होते. लिहायचा हिब्रू अक्षरांत, कारण लहानपणी तीच अक्षरं गिरवली होती. त्याने पान उघडलं आणि पाहिलं की हा आपला मोशे, हा आपला शमुवेल. आणि लिहिलं.

शाईपाणी, याला तुम्ही अतिक्रमण म्हणू नका. त्या पुस्तकाच्या सगळ्या मालकांत एकटा तोच असा होता ज्याच्या घरची ती गोष्ट होती. १२४२ नंतर पाचशे वर्षांनी ती अक्षरं त्या पानावर पोचली.

मेधा_क | बुधवार, रात्री ११:५०

नौगावकरकाका, धन्यवाद. हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ८:१५

लुईच्या धर्मयुद्धापर्यंत आलो आणि त्याच्याच शहरातल्या या चौकापर्यंत पोचलो नाही. नौगावकर, हे या धाग्याच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

त्याला जोडून: त्याच काळात पॅरिसमध्ये दुसऱ्या प्रकारची सचित्र बायबलं होत होती, एका वर्तुळात प्रसंग आणि शेजारच्या वर्तुळात त्याचा बोध. व्हिएन्नामधल्या एका प्रतीचं पहिलं चित्र प्रसिद्ध आहे: देव वाकून कंपासने विश्व आखतोय. तेच पुस्तक पुढे उलटलं तर बोधाच्या वर्तुळांत यहुद्यांची हेटाळणी जागोजागी आहे. सौंदर्य आणि द्वेष एकाच कुंचल्याने.

पापडीकर | गुरुवार, सकाळी ९:४०

आम्ही चर्चमध्ये वाढलेल्यांनी हे वाचायलाच हवं. मला या खटल्याबद्दल कोणी कधी सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीने मात्र मी हरखले. फारसी भाषा, हिब्रू अक्षरं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं, मराठी भाषा आणि अक्षरं रोमन. जवळजवळ ११ हजार ओव्या, आणि त्यातलं पहिलं पुराण म्हणजे जुना करारच. शाहच्या हाती हे बायबल पडलं १६०८ ला. म्हणजे इस्फहानमध्ये दाऊदाची कथा फारसीत उतरत होती, तेव्हाच्याच वर्षांत गोव्यात ती ओवीत उतरत होती. चित्र एकही नाही, आणि तरी ऐकताना सगळं दिसतं.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी १०:३०

गोव्याचा धागा उत्तरेलाही जातो. १५७९ मध्ये जेझुइट पंथाचे पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला अकबरापुढे हजर झाले. भेट दिली अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल. त्यातली कोरीव छापचित्रं दरबारातल्या चित्रकारांनी पाहिली आणि आपल्या पद्धतीने रंगवली. पुढे १६०२ मध्ये जेरोम झेवियरने अकबरासाठी येशूचं चरित्र फारसीत लिहिलं, त्याच्याही सचित्र प्रती झाल्या. एक क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. तिथे मेरीच्या आसपासची माणसं मुघल पगड्या-जाम्यांत भेटतात. पॅरिसच्या चित्रकाराने केलं तेच.

हडसनकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

मुंबईकरांसाठी एक: बायबल नव्हे, पण एशियाटिक सोसायटीत दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडीची जुनी हस्तलिखित प्रत आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. युरोपातलं मध्ययुगीन हस्तलिखित बघायला अमेरिकेलाच यावं लागतं असं नाही. कधी प्रदर्शनात मांडलं तर सोडू नका.

बांधावरून | गुरुवार, रात्री ८:३०

कपड्यांवरून सांगतो. पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथ्या मी पाहिल्यात. रामायणातली माणसं, पण नेसणं इथलंच. आणि तिथे चित्र एकटं नसतं. चित्रकथी पान पुढे धरतो, वीणा वाजते, तो गातो, मग पुढचं पान. चित्र अर्धं, सांगणारा अर्धा. राजाकडेही या बायबलाची पानं उलटताना शेजारी कोणीतरी धर्मगुरू बसून सांगत असणारच, असं मला वाटतं.

नौगावकर | गुरुवार, रात्री १०:०५

बांधावरून, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आमच्याकडे ते कीर्तनाने केलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल लोकांनी मराठी कीर्तन उचललं, आणि योसेफाची कथा, मोशेची कथा हार्मोनियम-झांजांवर, पूर्वरंग-उत्तररंगासकट सांगू लागले. माझ्या आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं, पण योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं तो प्रसंग तिने कीर्तनात ऐकला होता आणि ती तो पदासकट सांगायची.

कपड्यांचं म्हणाल तर पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची आमची हगादा, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, छापली, हिब्रू आणि मराठीत. तिच्या सुरुवातीच्या चित्रात बायका बेखमीर भाकरी करतायत. लुगडं नेसून! कोणी पीठ मळतेय, कोणी लाटतेय. इजिप्तमधून सुटकेचा सण, पण चित्रातलं घर पुण्याकडचं. फ्रेंच चिलखतातल्या दावीदावर म्हणूनच मला राग धरवत नाही. ज्याला गोष्ट आपली वाटते तो तिला आपले कपडे घालतो.

तिरकमठा | गुरुवार, रात्री १०:४०

ती हगादा पाहिली पाहिजे. कुठे आहे?

नौगावकर | गुरुवार, रात्री १०:५२

मूळ प्रती मोठ्या ग्रंथालयांत आहेत. फोटो नेटवर सहज मिळतो, 'पूना हगादा' म्हणून शोधा.

शाईपाणी | शुक्रवार, सकाळी ६:४५

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. माझ्या मूळ प्रश्नावर परत येतो.

चित्रं पुरतात असं मी अजूनही म्हणेन, आणि त्याचा पुरावा मला याच धाग्यात सापडतो. गवंडींना चाक दिसलं, बांधावरून यांना सरवा वेचणारी, तिरकमठाला चिलखत, आणि हे कोणालाही समास वाचून कळलेलं नाही. मांडणारा इतका पक्का होता की आठशे वर्षांनंतर पालघर-अलिबागच्या माणसाला पानातलं वाकणं ओळखू येतं.

पण 'अतिक्रमण' हा शब्द नौगावकरांच्या प्रतिसादानंतर मला त्या समासासाठी वापरायचा नाही. चित्रकारांनी जागा कोरी ठेवली ती गोष्ट पुरी झाली म्हणून, हे माझं मत. ती जागा भरणाऱ्यांचा त्या गोष्टीवर चित्रकारांपेक्षा जुना हक्क होता, हे नौगावकरांचं. मला ही दोन्ही एका पानावर नांदताना दिसतात. कारण हडसनकाठ म्हणतात तसं, कोणाचीही ओळ चित्रावर चढलेली नाही.

पुस्तकाचा शेवटचा प्रवास कोणी विचारला नाही, तो नोंदवतो. १८३३ मध्ये ते कैरोहून जोवान्नी द'अथानासी या ग्रीक माणसाकडून लंडनला विक्रीला आलं. पुढे हस्तलिखितांचं वेड असलेल्या सर थॉमस फिलिप्स यांच्याकडे गेलं. त्यांच्या वारसांकडून १९१६ मध्ये जे. पी. मॉर्गन ज्युनियरने घेतलं, ग्रंथपाल बेल द कोस्टा ग्रीन यांच्या काळात.

मेधा_क | शुक्रवार, सकाळी १०:१०

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चित्रं काढते. तिला दाखवायला सुरुवात कुठून करू? लढाया नकोत.

बांधावरून | शुक्रवार, सकाळी १०:२२

रूथ.

गवंडी | शुक्रवार, सकाळी १०:३०

नोहाचं तारू, मग बाबेल. चाकातला माणूस शोधायला सांगा.

सोनेरी_काठ | शुक्रवार, सकाळी ११:१५

मॉर्गनच्या संकेतस्थळावर सगळी पानं मोठी करून पाहता येतात. कपड्यांच्या चुण्या दाखवा तिला. आधी मधला रंग, मग त्याचाच गडद, मग वरून पांढऱ्याच्या बारीक रेघा. वॉटरकलर असेल तर त्याच क्रमाने एक बाही रंगवून बघू दे. पांढरी रेघ सगळ्यात शेवटी, आणि तीही खालचा रंग पूर्ण वाळल्यावर.